मे महिन्यातली जिंजर बिअर: मुंबईच्या स्वयंपाकघरातल्या एका पहिल्या घाण्याचा प्रकरण अभ्यास

मुलुंडमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मेच्या दुसऱ्या आठवड्यात घरी केलेल्या जिंजर बिअरच्या पाचपैकी तीन काचेच्या बाटल्या भर दुपारी एकामागोमाग फुटल्या. त्या वेळी स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, म्हणून कुणाला इजा झाली नाही. एक तुकडा पिठाच्या डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणात रुतला होता, तर काही समोरच्या भिंतीपाशी, ओट्याच्या उंचीवर सापडले. कृती इंटरनेटवरची होती आणि घरच्या सुनेने ती तंतोतंत पाळली होती. म्हणूनच या प्रकरणाचा नीट तपास व्हायला हवा. चूक हाताची नव्हती. थंड प्रदेशातल्या ओट्यासाठी लिहिलेली कृती मुंबईच्या ओट्यावर आली आणि तिच्यातले ‘तीन दिवस’ तसेच्या तसे मानले गेले, ही खरी अडचण होती.

आधी एक खुलासा. या घरात मुळात बिअरच करायचा विचार होता, माल्ट आणि हॉप्सची चौकशीही झाली होती. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. घरी प्यायला पाच लिटर केली तरी सुटका नाही. त्यामुळे बेत जिंजर बिअरवर आला: आलं, साखर, लिंबू आणि नैसर्गिक आंबवण. उद्देश मद्याचा नव्हता, फेसाचा होता. सुट्टीत येणाऱ्या भाचरांना बाजारच्या कोल्ड्रिंकऐवजी घरचं काहीतरी द्यावं, एवढीच इच्छा. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

काय केलं होतं

सुरुवात आल्याच्या विरजणाने झाली. अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात सालासकट बारीक चिरलेलं सातारी आलं एक मोठा चमचा आणि साखर एक मोठा चमचा. बरणीच्या तोंडाला पंचाचं फडकं बांधलेलं, रोज तेवढंच आलं आणि तेवढीच साखर घालून ढवळायचं. आल्याच्या सालीवर नैसर्गिक यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतात, तेच इथे वाढतात. म्हणून साल काढायची नाही आणि आलं घासूनपुसून धुवायचं नाही, माती गेली की पुरे. मूळ कृतीत विरजण तयार व्हायला पाच ते सात दिवस लिहिले होते. इथे तिसऱ्या दिवशी सकाळीच बरणीत चरचर आवाज येऊ लागला आणि आल्याचे तुकडे वर येऊन फेसात तरंगू लागले. सात दिवसांचं काम तिसऱ्या दिवशी झालं, म्हणजे पुढचं सगळंच दुप्पट वेगाने होणार, ही पहिली सूचना होती. घरच्यांना मात्र तो शुभशकुन वाटला.

मग चार लिटर पाण्यात १२० ग्रॅम किसलेलं आलं आणि ४०० ग्रॅम साखर घालून उकळलं, गार झाल्यावर गाळून चार लिंबांचा रस आणि २५० मिलिलिटर विरजण घातलं. शनिवारी रात्री दहाच्या सुमारास ते ७५० मिलिलिटरच्या पाच क्लिपच्या बाटल्यांत भरलं. उरलेलं अर्धा लिटर पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत गेलं. ओट्यावर जागा नव्हती म्हणून सगळ्या बाटल्या फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या फडताळात ठेवल्या.

सोमवारी सकाळी सासूबाईंच्या हाताला प्लॅस्टिकची बाटली लागली. बुड फुगून गोल झालं होतं. “अगं, ही बाटली बघ, उभीच राहत नाहीये.”

“राहू द्या हो आई, तीन दिवस ठेवायला सांगितलंय. उद्या रात्री फ्रिजमध्ये टाकते.”

बाटली भिंतीला टेकवून ठेवली गेली. दुपारी दोनच्या सुमारास पहिली काचेची बाटली फुटली आणि तिच्या तुकड्यांच्या माऱ्याने शेजारच्या दोन फुटल्या.

का फुटल्या

उरलेल्या दोन बाटल्यांपैकी एक सावधपणे मोकळी केल्यावर त्यातलं पेय दोन भांड्यांत पुन्हा पुन्हा ओतून वायू काढून टाकला आणि घनता मोजली. ती भरली १.०२६. भरतानाची घनता कुणी मोजली नव्हती, पण साखरेच्या मापावरून ती सुमारे १.०३५ निघते. म्हणजे नऊ अंकांची घट (एक अंक म्हणजे ०.००१). त्याचा अर्थ, लिटरमागे अठरा ग्रॅमच्या आसपास साखर यीस्टने संपवली होती. साखरेच्या वजनाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड होतो आणि निम्मं अल्कोहोल. झाकण बंद असल्यामुळे हा सगळा वायू आतच राहिला: लिटरमागे नऊ ग्रॅमहून थोडा अधिक, म्हणजे पेयाच्या आकारमानाच्या साडेचार पटींच्या वर. नेहमीच्या बिअरमध्ये ही पट अडीचच्या आसपास असते, तर चांगल्या कडक सोड्यात साडेतीन ते चार.

पण नुसत्या पटीवरून दाब कळत नाही. वायू गार पाण्यात जास्त विरघळतो आणि गरम पाण्यात कमी. तीन पट वायू असलेली बाटली फ्रिजमध्ये ४ अंशांवर असेल तर आत साधारण एक बार (म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतका) दाब असतो. तीच बाटली ३३ अंशांच्या ओट्यावर ठेवली तर साडेतीन बार. पेय तेच, वायू तेवढाच आणि दाब साडेतीनपट. मुलुंडच्या त्या फडताळातलं तापमान नंतर मोजलं तर दुपारी ३५ अंश होतं, बाहेरच्या खोलीत त्याच वेळी ३२. याचं कारण साधं आहे: आजकालच्या बऱ्याच फ्रिजची उष्णता मागच्या जाळीतून नाही, दोन्ही बाजूंच्या पत्र्यांतून बाहेर पडते. फ्रिजच्या कुशीतली चिंचोळी जागा ही घरातली सगळ्यात उबदार जागा असते. इडलीचं पीठ थंडीत तिथे ठेवणं शहाणपणाचं, पण बंद बाटली कधीच नाही. तिथल्या तापमानाला साडेचार पटींहून अधिक वायूचा दाब साडेसहा बारच्या आसपास जातो. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बार हवा भरतात, त्याच्या जवळपास तिप्पट.

आणि त्या बाटल्या? चौकोनी होत्या. क्लिपचं झाकण आणि रबरी वायसर दिसला की बाटली दाब सोसणारी असेल असं वाटतं, पण तेल-सरबतासाठी विकल्या जाणाऱ्या शोभेच्या बाटल्यांची काच पातळ असते आणि चौकोनी आकारात सगळा ताण कोपऱ्यांवर येतो. दाबाची बाटली नेहमी गोल असते, जाड असते, बुड आत वळलेलं असतं. गोटी सोड्याची बाटली हातात घेऊन पाहावी, म्हणजे फरक वजनातच कळतो.

तापमानाचं गणित मुंबईत आणखी एका कारणाने बिघडतं. यीस्टचा वेग दहा अंशांमागे दुपटीहून थोडा जास्तच वाढतो. त्यामुळे २० अंशांवर तीन दिवस लागणारं काम ३३ अंशांवर एका दिवसाच्या आसपास उरकतं. शिवाय मुंबईत मेमध्ये रात्रीही पारा २७-२८ च्या खाली जात नाही, म्हणजे यीस्टला विसावाच नाही. शनिवारी रात्री ते सोमवारी दुपार हे चाळीस तास म्हणजे थंड प्रदेशातले पाच दिवस झाले.

दुसरा निष्कर्ष, जो कुणी शोधत नव्हतं

नऊ अंकांच्या घटीला १३१ ने गुणलं तर अल्कोहोलचं प्रमाण मिळतं: ०.००९ गुणिले १३१, म्हणजे १.२ टक्के. हे पेय सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी होतं. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेलं पेय मद्य मानलं जातं. बाटल्या फुटल्या नसत्या आणि मंगळवारी रात्री फ्रिजमध्ये गेल्या असत्या, तर मुलांच्या पेल्यांत काय गेलं असतं हे कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. चवीवरून कळत नाही, आल्याच्या तिखटपणात ते झाकलं जातं. आमच्या मते फुटलेल्या काचेपेक्षा ही बाब अधिक गंभीर आहे.

दाब आणि अल्कोहोल या दोन्ही गोष्टी एकाच साखरेतून येतात, म्हणून त्यांवरचा उपायही एकच आहे. घनतेची घट चार अंकांच्या आत थांबवली की अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतं आणि वायू दोन पटींच्या आसपास. तीन अंक हे चांगलं लक्ष्य: ०.४ टक्के अल्कोहोल, दीड पट वायू. विरजणातून येणारं थोडं अल्कोहोल जमेस धरलं तरी मर्यादेत बसतं.

इथे मोजणीची एक खोच आहे. हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायचं तरंगतं उपकरण, सहसा २० अंशांवर प्रमाणित असतो. ३० अंशांच्या पेयात तो दोनाहून थोडे जास्त अंक कमी दाखवतो. आपण मोजतोय तीनच अंकांची घट, म्हणजे तापमानाची चूक जवळजवळ मोजायच्या गोष्टीएवढीच मोठी. त्यामुळे पहिलं आणि शेवटचं माप एकाच तापमानाला घ्यायचं. दोन्ही वेळा नमुना बर्फाच्या पाण्यात धरून २० अंशांवर आणला की झालं. हायड्रोमीटर प्रिन्सेस स्ट्रीटच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत मिळतो. दुधाचा लॅक्टोमीटरही चालतो, त्यावरचा २८ म्हणजे १.०२८. मात्र आकड्यांचा घ्यावा, पाण्यापासून दुधापर्यंत चार-पाच खुणा असलेला स्वस्तातला नको.

उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं

फुगलेली काचेची बाटली समोर असताना लोक हमखास दोन गोष्टी करतात: झाकण उघडायला जातात किंवा वरून बर्फाचं पाणी ओततात. दोन्ही घातक. तापलेल्या, ताणाखालच्या काचेला अचानक थंडी लागली की तिथेच तडा जातो. आधी स्वयंपाकघर रिकामं करावं, पंखा चालू ठेवावा आणि खोली शक्य तितकी गार होऊ द्यावी. दाब वाढतच असतो, त्यामुळे दिवसभर थांबूनही चालत नाही. पूर्ण बाह्या, जाड हातमोजे आणि दुचाकीचं काच खाली केलेलं हेल्मेट घालून बाटलीवर लांबूनच जाड गोधडी टाकायची, मग गोधडीसकट तिला बादलीत ठेवायचं आणि कापडाच्या आडून क्लिप हळूच सैल करायची. पेय उसळून वाया जाणारच, ते जाऊ द्यावं. आसपासचे उघडे धान्याचे डबे, पीठ, मीठ टाकून द्यावं. काचेचा कण चाळणीतून जातो.

दुसरा घाणा

त्याच घरात दोन आठवड्यांनी हाच प्रकार पुन्हा केला, मोजमाप बदलून. १६० ग्रॅम आलं किसून दीड लिटर पाण्यात २८० ग्रॅम साखरेबरोबर मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळलं. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते यीस्टला मानवत नाही, म्हणून वरून घालायचं सव्वादोन लिटर पाणीही आधी उकळून गार केलेलं. पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून अर्ध्या तासात ३० अंशांच्या खाली आणलं. ओट्यावर नुसतं ठेवलं असतं तर तीन तास लागले असते, आणि कोमट गोड पाण्यावर हवेतलं नको ते बसायला तीन तास पुष्कळ झाले. मग ८० मिलिलिटर लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि गाळलेलं विरजण १२० मिलिलिटर, म्हणजे पहिल्या वेळच्या निम्मं. आंबटपणा मोजणाऱ्या पीएच पट्टीवर माप ३.५ च्या जवळ आलं, ४.५ च्या खाली असलं की चिंता नाही. २० अंशांवरची घनता १.०२७.

गाळताना पंचा दुहेरी केला. आल्याचे तंतू बाटलीत राहिले तर प्रत्येक तंतूवर वायूचे बुडबुडे धरतात आणि झाकण उघडताच अर्धी बाटली छताला लागते.

या वेळी सगळ्या बाटल्या कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या, पाच पायांच्या बुडाच्या. त्या दाबासाठीच बनवलेल्या असतात. पाण्याच्या बाटलीचं बुड तसं नसतं, म्हणूनच पहिल्या वेळी ती फुगून उलटली. उकळत्या पाण्याने धुवायच्या नाहीत, आकार जातो. साबण आणि ब्रश, मग उकळून गार केलेल्या पाण्याने दोनदा खळखळून, उपडी ठेवून निथळत. भरताना वर चार बोटं जागा सोडली आणि झाकण लावण्याआधी बाटली दाबून बाजू आत घेतल्या. ही युक्ती पहिल्यांदा करणाऱ्याने जरूर वापरावी: वायू साठू लागला की खळगा आपोआप बाहेर येतो आणि काम सुरू झाल्याचं लांबूनही दिसतं. झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर भरल्याची वेळ लिहिली. दिवस नाही, वेळ. मुंबईच्या मेमध्ये जिंजर बिअर तासांवर चालते.

बाटल्या बाहेरच्या खोलीत, जमिनीवर, पाण्याच्या पसरट घमेल्यात ठेवल्या. तापमान ३१ ते ३२. सहा तासांनंतर दर तीन तासांनी अंगठ्याने दाबून पाहणं सुरू झालं. शेजारी दुकानातली न उघडलेली सोड्याची बाटली ठेवली होती. तिच्याइतकी टणक झाली की थांबायचं. बाराव्या तासाला बाजू अजून किंचित दबत होती, चौदाव्या तासाला अंगठा रुतेना. बाटल्या लगेच बर्फाच्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास आणि तिथून फ्रिजच्या खालच्या फळीवर, मागे. ही बादली टाळायची नाही. गरम बाटल्यांची गर्दी थेट फ्रिजमध्ये कोंबली तर मधली बाटली थंड व्हायला कित्येक तास घेते आणि तेवढा वेळ यीस्ट काम करत राहतं. दारातला कप्पाही नको, तो सारखा उघडतो.

दुसऱ्या दिवशी घनता १.०२४. तीन अंक. पेल्यात ओतल्यावर फेस दोन बोटं आला आणि बसला, बारीक बुडबुडे शेवटपर्यंत वर येत राहिले.

थंडीत यीस्ट मरत नाही, मंद होतं. म्हणून फ्रिजमधल्या बाटल्याही रोज एकदा दाबून पाहायच्या आणि आठवड्याच्या आत संपवायच्या. वीज तीन-चार तास गेली तर झाकणं सैल करून वायू सोडायचा. ठाण्याच्या मावशीकडे पोचवायची असेल तर बर्फाच्या डब्यात, आणि प्लॅस्टिकच्याच बाटलीत. रोज झाकण उघडून वायू सोडत राहण्याचा सल्ला सगळीकडे दिसतो, पण गरम काचेच्या बाटलीवर आमचा त्यावर भरवसा नाही. झाकण उघडलं की वरच्या जागेतला दाब जातो, पेयात मुरलेला वायू बराचसा तसाच राहतो आणि तासाभरात बाटली पुन्हा ताठ होते.

साखर मुळातच कमी घालून गोडवा स्टेव्हियाने (एका गोड पानाच्या अर्काने, जो यीस्ट आंबवत नाही) आणण्याचा मार्ग आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो सर्वांत पक्का आहे. लिटरमागे सहा ग्रॅम साखर घातली तर यीस्ट ती संपवून थांबतं, बाटली विसरली तरी वायू दीड-पावणेदोन पटींच्या पुढे जात नाही. चव मात्र थोडी पातळ लागते आणि मागे कडवट छटा राहते. आलं दीडपट केलं तर ती बरीच झाकते.

विरजणाबद्दल थोडंसं. ते फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा आलं-साखर दिली तर टिकतं. उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर कधी कधी चमच्याला तार सुटते, भेंडीसारखी. साखरेपासून चिकट पदार्थ बनवणारे जिवाणू यीस्टच्या पुढे गेल्याची ती खूण. ते टाकून नवं लावावं, कारण तीच तार बाटलीतही येते. वर पांढरा सपाट पापुद्रा आला तर चव बिघडते; केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर बरणीसकट सगळं बाद. पावसाळ्यात हा धोका वाढतो. त्या दिवसांत बाजारात येणारं ओलं, पातळ सालीचं आलं तिखटाला कमी असतं, तेव्हा १६० ग्रॅमचं २०० करावं. जानेवारीत रात्री १८-२० अंश असताना हाच घाणा चौदा तासांऐवजी दीड-दोन दिवस घेतो, म्हणून तासांचा आकडा पाठ करू नये, अंगठ्याचा दाब हेच माप धरावं.

भाचरांसाठी त्या घरात आता वेगळी सोय आहे. १०० ग्रॅम आलं, २५० ग्रॅम साखर आणि २५० मिलिलिटर पाणी पंधरा मिनिटं उकळून गाळायचं, गार झालं की दोन लिंबं पिळायची. एक भाग हा पाक आणि चार भाग थंड सोडा. यात आंबवण नाही, अल्कोहोल नाही. गरोदर बायका आणि लहान मुलांना आम्ही हेच देऊ; आंबवलेली बाटली मोठ्यांची.